संकेतस्थळाचा सातबारा



माझं स्वतःचं संकेतस्थळ आहे म्हटल्यावर आमच्या मिरजगावात आणि नात्यागोत्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, "गुरुजी, या वयात हे सुचतं कसं तुम्हाला?" दुसरी म्हणतात, "मलाही करायचंय हो, पण त्यातलं ओ की ठो कळत नाही." पहिल्यांना मी चहा पाजतो. आजचा लेख दुसऱ्यांसाठी आहे.

ही दुसरी मंडळी बहुतेक माझ्यासारखीच असतात. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, आयुष्यभर खडू-फळ्यात रमलेली, साठीच्या आसपास पहिल्यांदा कळफलकाला हात लावलेली. त्यांचा समज असा, की संकेतस्थळ उभं करणं हेच मोठं अवघड काम. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. उभं करणं आता फार सोपं झालंय, आठवी-नववीतलं पोर तासाभरात करून देतं. अवघड आहे ते दहा वर्षांनंतरही ते उभं असणं. आणि ते तुमच्या तांत्रिक ज्ञानावर ठरत नाही, दोन साध्या गोष्टींवर ठरतं. पत्त्याचं नाव कोणाच्या नावावर नोंदलंय? आणि मजकुराची नक्कल कोणाच्या घरात आहे? या दोन गोष्टी ज्याच्या हातात, संकेतस्थळ त्याचं. बाकी सगळं भाड्याने घेतलं तरी काही बिघडत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप हवाच कशाला? व्हॉट्सॲप आहे, फेसबुक आहे, लिहा आणि द्या पाठवून.

माझ्या पानांवर काय आहे ते नातेवाइकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए. करत होतो. आमच्या कर्जत तालुक्यातली घरंच्या घरं तेव्हा खडी फोडायला आणि बंधाऱ्याच्या कामावर जात होती. निवृत्त झाल्यावर मी त्यातल्या जमतील तितक्या लोकांकडे जाऊन त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. सुकडी कशी वाटायचे, हजेरी कशी लागायची, कोणाची जनावरं कवडीमोलाने गेली, कोणती पोरगी शाळेतून उठली ती परत आलीच नाही. त्या कामांतून पुढे रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे पुस्तकात वाचायला मिळतं. पण तान्हं मूल झाडाखाली निजवून खडीवर बसलेल्या बाईला त्या दिवशी काय वाटत होतं, ते पुस्तकात नाही. मला सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं आज हयात नाहीत.

हे सगळं व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर काय झालं असतं ते आपण सगळे जाणतो. चार गटांतून फिरून, सांगणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव गळून, खाली कोणाचं तरी भलतंच नाव लागून तो मजकूर आठ दिवसांनी माझ्याकडेच परत आला असता, वर 'नक्की वाचा' असं लिहून! फेसबुकवर नाव टिकतं, पण पाच वर्षांपूर्वीचा मजकूर शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई. शिवाय दार उघडायचं की लावायचं हे घरमालक ठरवणार. टिम बर्नर्स-ली या गृहस्थांनी जे तंत्र काढलं ते सर्न या संस्थेने १९९३ च्या एप्रिलमध्ये सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं करून दिलं. कोणीही उठावं आणि आपलं पान मांडावं, एवढी मोठी मोकळीक त्यामुळे मिळाली. ती हातात असताना आपण मात्र आपलं सगळं लिखाण दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवतो, हे मला पटत नाही.

तर आता मुद्द्याचं.

संकेतस्थळ म्हणजे तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत: नाव, जागा आणि मजकूर. नवख्या माणसाचा घोटाळा इथेच होतो, कारण विकणारे या तिन्हींची एकच पुरचुंडी बांधून देतात.

नाव म्हणजे तो पत्ता, जो लोक टंकतात. नावाच्या शेवटी 'डॉट कॉम' असतं किंवा आपल्या देशाचं 'डॉट इन'. हे 'डॉट इन' २००५ च्या जानेवारीपासून सर्वसामान्यांना सहज मिळू लागलं. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' असंही नाव घेता येतं. मराठीत नाव घेतलं तर मला आनंदच आहे, पण सोबत एक रोमन लिपीतलंही असू द्यावं, कारण अजून कितीतरी ठिकाणी देवनागरी पत्ता दिला की यंत्र अडखळतं. नाव आपण 'विकत घेतलं' असं म्हणतो, पण ते खरं नव्हे. तो भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा करता येतो, आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून वाढवावा लागतो. खर्च साधारण वर्षाला हजार-दीड हजार रुपये. पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत देतो म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना दुसऱ्या वर्षाचा भाव विचारावा.

जागा म्हणजे तुमची पानं ज्या यंत्रावर ठेवलेली असतात ते. ही दुसऱ्या कंपनीची असते, भाड्याची किंवा फुकटची.

मजकूर म्हणजे तुमचं लिखाण, फोटो वगैरे.

यातली गंमत अशी, की नाव आपलं असेल तर ते कुठल्याही जागेकडे वळवता येतं. आज या कंपनीच्या खोलीत, उद्या त्या कंपनीच्या. वाचणाऱ्याला पत्ता तोच दिसतो, आपण बिऱ्हाड हलवलं हे त्याला कळतसुद्धा नाही. उलट नाव दुसऱ्याचं असेल तर जागा कितीही चांगली असो, तुम्ही तिथे पोटभाडेकरूच. म्हणून मी म्हणतो, आधी सातबारा बघा. जमीन कसतो कोण हे गावाला माहीत असतं, पण तलाठ्याकडे नाव कोणाचं आहे त्यावरच शेवटी ठरतं. इथेही तसंच. नोंदणीत मालक म्हणून कोणाचं नाव, कोणाचा ईमेल, कोणाचा मोबाइल नंबर?

आमच्याच जिल्ह्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापक मित्राची गोष्ट सांगतो. त्यांनी मोठ्या हौसेने आपल्या गावाच्या शाळेचा इतिहास, जुने फोटो, माजी विद्यार्थ्यांची पत्रं असं सगळं मांडलं होतं. करून दिलं होतं पुतण्याने. पुतण्या गुणी, प्रेमळ, पैसेही त्यानेच भरले. पण नाव नोंदवताना ईमेल दिला तो त्याच्या तेव्हाच्या कचेरीतला. दोन वर्षांनी त्याने नोकरी बदलली. मुदत संपत आल्याची पत्रं बंद पडलेल्या त्या पेटीत जात राहिली. एक दिवस काकांनी पत्ता टंकला तर तिथे कसलीशी परकी जाहिरात! आणि मजकूर? तोही त्या जागेवरच होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. पुतण्याला बोल लावून काही उपयोग नव्हता. पोराने जीव लावून काम केलं होतं. पण कागद कोणाच्या नावावर हे कोणी विचारलंच नव्हतं.

खरं तर नाव असं एका रात्रीत जात नाही. 'डॉट कॉम'सारख्या नावांना नियमच आहे, की मुदत संपण्याच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक अशा सूचना द्यायच्या, आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक. त्यानंतरही काही दिवसांची सवलत सहसा मिळते. मग तीस दिवसांची आणखी एक मुदत, ज्यात जास्तीचा दंड भरून नाव सोडवता येतं. मग शेवटचे पाच दिवस. ते उलटले की नाव मोकळं, जो आधी मागेल त्याचं. म्हणजे व्यवस्था पुरेशी दयाळू आहे. फक्त सूचना वाचणारं कोणीतरी त्या पत्त्यावर पाहिजे!

आणि हे फक्त आपल्यासारख्या खेडवळांचंच होतं असं समजू नका. आपल्या सबीर भाटियांनी साथीदाराबरोबर काढलेली हॉटमेल १९९७ च्या शेवटी मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. दोन वर्षांनी, १९९९ च्या नाताळात, हॉटमेलमध्ये शिरण्यासाठी लागणाऱ्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे पैसे भरायचेच मायक्रोसॉफ्ट विसरली. लोकांना आपली पत्रं उघडता येईनात. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका संगणक प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून पस्तीस डॉलर भरले आणि गाडी रुळावर आली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि अडकली कशात, तर पस्तीस डॉलरच्या पावतीत. तेव्हा हा प्रश्न बुद्धीचाही नाही आणि पैशाचाही नाही, नोंदवहीचा आहे. आणि नोंदवही ठेवणं हे तर आम्हा शिक्षकांचं हाडीमाशी खिळलेलं काम! जनरल रजिस्टर, आवक-जावक, हजेरीपट यांत तीस-पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे जमणार नाही तर कोणाला जमणार?

आता फुकटच्या जागेविषयी. मी फुकट जागेच्या विरोधात नाही. ब्लॉगर ही सेवा १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ती गूगलने घेतली, अजून चालू आहे, आणि तिथे फुकट जागेवर आपलं स्वतःचं नाव लावण्याचीही सोय आहे. नवख्या माणसासाठी याहून सोपी सुरुवात मला तरी माहीत नाही. पण फुकट जागा ही धर्मशाळा आहे हे विसरू नये. जिओसिटीज आठवतंय? १९९४ ची ती सेवा, १९९९ मध्ये याहूने घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद करून टाकली. कोट्यवधी पानं होती त्यावर. काही संग्राहकांनी धावपळ करून त्यातली पुष्कळशी वाचवली, म्हणून थोडं तरी उरलं. त्याच वर्षी याहू ३६० बंद झालं. सप्टेंबर २०१४ अखेर ऑर्कुट गेलं. एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस गेलं. यातल्या कोणाची मालकी लहानसहान दुकानदाराकडे नव्हती बरं का. २०२३ मध्ये तर गूगलने नावं नोंदवण्याचा आपला धंदाच दुसऱ्या कंपनीला विकला. कंपनी मोठी म्हणून आपलं लिखाण सुरक्षित, असा हिशेब करता येत नाही.

याउलट मायबोलीकडे बघा. १९९६ पासून एकाच नावावर नांदतेय. अमेरिकेत बसलेल्या मराठी माणसाने तेव्हा सुरू केलेली गोष्ट, यंत्रं बदलली, तंत्र बदललं, लिपी टंकण्याच्या पद्धती बदलल्या, नाव तेच राहिलं. म्हणून माणसं परत परत तिथे पोचतात.

२०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द शाळाशाळांत घुमू लागला, तेव्हा मी निवृत्त होऊन बसलो होतो. पण माझ्या मागून आलेल्या गुरुजी-बाईंनी जो उत्साह दाखवला तो मी कौतुकाने पाहिला. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या कितीतरी शिक्षकांनी आपापली पानं काढली. कविता, चाचण्या, शासन निर्णय, वर सरकत जाणारी रंगीत पट्टी, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा! आज त्यातल्या कित्येकांवर टिचकी मारली तर दुवे उघडत नाहीत, चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. उत्साह कमी होता म्हणून नव्हे. बनवायचं कसं हे सगळ्यांनी शिकवलं, राखायचं कसं हे फारसं कोणी शिकवलं नाही.

आता नक्कल. मराठी माणसासाठी हा विषय जास्त नाजूक आहे, कारण आपल्याकडे फाँटांचं एक मोठं प्रकरण होऊन गेलंय. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण सर्वसामान्यांच्या संगणकावर ती विंडोज २००० च्या नंतर हळूहळू आली. त्याआधी आणि नंतरही कितीतरी वर्षं आपण श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम असल्या साधनांनी टंकत होतो. त्या जुन्या फाँटांत आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे, वर फक्त मराठीचा मुखवटा. फाँट गेला की मुखवटा गळतो आणि खाली नुसती निरर्थक चिन्हं दिसतात. शाळेची स्मरणिका, कोणाचा कुलवृत्तांत, एखाद्याचं आत्मचरित्र अशा फाइली आजही अनेकांच्या जुन्या सीडीवर पडून आहेत. त्या आताच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. बदलून देणारी साधनं मिळतात, जोडाक्षरं मात्र नंतर डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. पण ते काम आपणच करू शकतो. नातवंडांना 'श्र' आणि 'शृ' मधला फरक कळेलच असं नाही.

नक्कल ठेवण्याची माझी रीत साधी आहे. प्रत्येक लेख आधी घरच्या संगणकावर साध्या मजकुराच्या फाइलीत युनिकोडमध्ये टंकतो, मग संकेतस्थळावर चिकटवतो. म्हणजे मूळ प्रत घरात, जालावर असते ती नक्कल. बहुतेक लोक याच्या उलट करतात. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावी असलेल्या मुलीकडे, आणि वर्षातून एकदा निवडक लेख कागदावर छापून फायलीत. शिवाय 'इंटरनेट अर्काइव्ह' नावाचं एक मोठं ग्रंथालय आहे, १९९६ पासूनचं. तिथे आपल्या पानाचा पत्ता देऊन 'हे जपून ठेवा' असं सांगता येतं, फुकट. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्यावरही हल्ला झाला आणि काही दिवस तेही बंद होतं. तेव्हा एकाच कोठारावर विसंबू नये.

आता राखण्याचं बोलतो. आमच्या भागात पूर्वी धाब्याची घरं. मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकून चोपायची, न्हाणीकडची फट बुजवायची. ज्याने टाळलं त्याच्या घरात पहिल्याच पावसात पातेली मांडलेली दिसायची. संकेतस्थळाचंही अगदी तसंच. रोज काही करावं लागत नाही, पण वर्षातून एकदा वर चढून बघावंच लागतं. मी हे मे महिन्यात उरकतो. नावाची मुदत कधी संपते ते पाहायचं. नोंदलेला ईमेल आणि मोबाइल चालू आहे ना ते पाहायचं, कारण रिचार्ज न केलेला नंबर पुढे दुसऱ्याला जातो आणि परवलीच्या शब्दाचे संदेश त्याच्याकडे! सगळ्या मजकुराची नक्कल उतरवायची, आणि नुसती उतरवायची नाही, दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची. पत्त्याशेजारी 'असुरक्षित' असं दिसत नाही ना ते पाहायचं. क्रोम हा खटका २०१८ पासून दाखवतं, आणि त्यावर लागणारं प्रमाणपत्र आता फुकट मिळतं, जागा देणाऱ्याला फक्त सांगावं लागतं. वर्डप्रेस भाड्याच्या जागेवर स्वतः बसवलं असेल तर नव्या आवृत्त्या घालाव्यात, जुन्या फटींतूनच चोर शिरतात. हे झेपणार नसेल तर जिथे कंपनी ही निगा राखते अशीच जागा निवडावी. आणि "तुमच्या नावाची मुदत संपली, ताबडतोब इथे पैसे भरा" असं अनोळखी पत्र आलं तर भरू नका. ज्याच्याकडे नाव नोंदलंय त्याच्याच दारात स्वतः जाऊन बघा.

साधेपणाचा आणखी एक फायदा सांगतो. हलणारी चित्रं, वाजणारं संगीत, सरकत्या पट्ट्या या गोष्टी आधी बिघडतात. साधी अक्षरं शेवटी बिघडतात. घरातली तरुण मंडळी म्हणतील, "आजोबा, फारच साधं दिसतंय." दिसू दे. वाचणारा अक्षरं वाचायला येतो.

शेवटचा मुद्दा जरा जड आहे, पण सत्तरी ओलांडलेल्याने तो बोलायलाच हवा. आपल्यामागे पैसे कोण भरणार? शेताला वारसनोंद असते, बँकेच्या खात्याला नामनिर्देशन असतं, संकेतस्थळाला काय? गूगलने २०१३ पासून एक सोय दिलीय. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि आपण ठरवू तेवढं त्यांच्याकडे सुपूर्द होतं. ती सोय भरून ठेवावी, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकण्याचा अधिकार गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणलाय. मी एक शंभरपानी वही केली आहे. नाव कुठे नोंदलंय, कोणत्या तारखेला मुदत संपते, जागा कोणाकडे, मूळ फाइली कुठल्या कपाटात, सगळं मराठीत, ठसठशीत अक्षरात. परवलीचे शब्दही त्यातच आहेत. तज्ज्ञ म्हणतात कागदावर लिहू नका. त्यांचं बरोबर असेल, पण माझ्या वयात चोरापेक्षा विस्मरणाचं भय मोठं. वही कुलपात आहे, आणि ती कुठे आहे हे दोन माणसांना माहीत आहे. नाव मी पुढच्या दहा वर्षांसाठी भरून टाकलंय. माझी मुदत कधी संपते ते माहीत नाही, निदान त्याची तरी माहीत असू दे!

असो. तेव्हा मंडळी, तुमचं संकेतस्थळ असेल तर आज झोपण्याआधी एवढंच बघा: नावाची मुदत कोणत्या तारखेला संपते, आणि ते कोणाच्या ईमेलवर नोंदलंय. सांगता आलं नाही, तर ज्या भाच्याने-पुतण्याने करून दिलं त्याला फोन लावा. भांडू नका. आधी त्याचं कौतुक करा, कारण त्याच्याशिवाय ते झालंच नसतं. मग म्हणा, "बाळा, आता कागद तेवढे माझ्या नावावर करून दे."